कुपवाडमध्ये केलेलं शाफ्टचं अल्ट्रासोनिक टेस्टिंग: आमचा अनुभव

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. काम मुख्यतः साखर कारखान्यांच्या मिल रोलर शाफ्टचं. यंदा 320 मिमी व्यासाचा एक फोर्जिंगचा राउंड (ठोकून घडवलेला गोल पोलादी दांडा) आला. तो आतून धड आहे का, हे कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडून आणि परत येणारा इको (प्रतिध्वनी) मोजून बघतात. आधीच्या टेस्टरने अर्ध्या तासात लिहून दिलं, '140 मिमी खोलीवर 3 मिमीचा दोष, चालेल.' हंगामात हाच शाफ्ट मोडला तर अख्खी मिल बंद, म्हणून मला झोप लागेना. शेवटी मिरजेहून दुसऱ्याला बोलावलं.

आल्या आल्या तो म्हणाला, "मालक, आधी स्केल (वरची भाजलेली खपली) काढून द्या, त्याच्यावरून मी प्रोब फिरवणार नाही." पोरांनी ग्राइंडर मारून दोन पट्टे चकचकीत केले. मग ग्रीस लावून 4 मेगाहर्ट्झचा, 10 मिमीचा प्रोब (आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा तुकडा) टेकवला. जुना रिपोर्ट बघून त्याने पहिल्यांदा विचारलं, "3 मिमी कशाशी ताडून?" आधीच्या टेस्टरने ज्याच्याशी ताडलं, ते नमुन्याच्या ब्लॉकमधलं 3 मिमीचं भोक 70 मिमी खोल होतं, आमचा दोष 140 वर. अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच भोकाचा इको 12 डेसिबलनं पडतो, म्हणजे उंची चौथाई. तरीही आमच्या दोषाचा इको तेवढाच उंच येतो, म्हणजे त्या भोकाच्या मानाने क्षेत्रफळ चौपट आणि व्यास दुप्पट. त्याने डीजीएस आलेखावर (अंतर आणि इकोच्या उंचीवरून भोकाचा आकार सांगणारा तक्ता) बोट ठेवून दाखवलं: 6 मिमी.

आणि हेही नीट सांगितलं, की 6 हा दोषाचा खरा आकार नव्हे. सपाट तळाचं, प्रोबच्या अगदी समोर असलेलं 6 मिमीचं भोक जेवढा आवाज परत पाठवेल, तेवढा आपला दोष पाठवतोय, एवढंच. खडबडीत किंवा तिरका असेल तर तो आवाज भलतीकडे उडवतो, मग खरा आकार याहून मोठा. पलीकडून बघितलं तर 180 मिमीवर तोच दोष. पाव फेरा फिरवल्यावर मात्र इको जवळजवळ गायब. म्हणजे दोष चपटा आणि कडेनं उभा.

मग तो लांबीकडे वळला. प्रोब सरकवत इको निम्म्यावर आला की खडूची रेघ, उलट्या बाजूनं पुन्हा रेघ. दोन रेघांत 45 मिमी. "या खोलीवर बीमच, म्हणजे आवाजाचा झोतच, साधारण 21 मिमी रुंद आहे," तो म्हणाला, "अंतर तेवढंच आलं असतं तर ती बीमची रुंदी समजायची. 45 आलं, म्हणून ही लांबी धरता येईल."

राउंड परत पाठवला. फोर्जवाल्यांनी तिथेच कापला, तेव्हा काळी चीर निघाली. मी स्वतः पट्टी लावली, 41 मिमी.

या मिरजेच्या टेस्टरचा दर इतरांपेक्षा जास्त आहे आणि रिपोर्ट दोन दिवस उशिरा आला, ते मला खटकलं. पण प्रत्येक आकड्यापुढे प्रोब, खोली आणि मोजायची पद्धत लिहिलेली होती. बोलवायचं असेल तर ऑगस्टआधी तारीख घ्या, नंतर ते कारखान्यांवरच असतात.