माळ्यावरच्या डिस्क की इंटरनेट? जुना विनोद घरी बघणाऱ्यांसाठी

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून डिस्कचा, म्हणजे जुन्या डीव्हीडी-व्हीसीडींचा खोका खाली येतो आणि घरातून विचारणा होते, सगळं इंटरनेटवर मिळत असताना हे ठेवायचं कशाला? आमच्याकडे दोन वर्षं मी ‘राहू दे’ म्हणून खोका परत वर चढवला. तिसऱ्या वर्षी मात्र दोन्हीकडून बघितलं आणि मगच ठरवलं. तुमच्याकडेही असा खोका असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

इंटरनेटच्या सोयीबद्दल वेगळं सांगायला नको. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत तर मी त्याच बाजूचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) जतन झालेल्या आणि नव्याने दुरुस्त केलेल्या प्रती जिथे अधिकृतपणे बघायला मिळतात, तिथे डीव्हीडीने स्पर्धाच करू नये. मूळ फिल्मवरून काढलेली प्रत मोठ्या टीव्हीवर लावली की साडीचं पोतसुद्धा कळतं. रुंद पडद्यासाठी काढलेल्या चित्रपटांच्या काही डिस्कवर तर वर-खाली काळे पट्टे चित्रातच पक्के बसवलेले असतात. आजच्या टीव्हीवर मधोमध छोटंसं चित्र आणि चहूबाजूंनी काळोख. अशा डिस्क मी स्वतः काढून टाकल्या.

टीव्हीवरच्या विनोदाचं मात्र तसं नाही. दूरदर्शनवर १९८४ मध्ये आलेली ‘ये जो है जिंदगी’ घ्या किंवा २००१ च्या सुमाराची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. तो सगळा काळ ४:३ च्या, म्हणजे जवळजवळ चौकोनी टीव्हीचा होता. आताचे टीव्ही १६:९ चे, लांबट. पडद्याच्या कडेला काळे पट्टे दिसू नयेत म्हणून इंटरनेटवर टाकणारा कुणीतरी चित्र ताणतो, नाहीतर वरून-खालून कापतो. ताणलं तर माणसं बुटकी आणि रुंद दिसतात, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ४:३ केला की बहुतेक वेळा जागेवर येतात. कापलं असेल तर काही इलाज नाही. चित्राच्या उंचीचा चक्क पाव भाग गेलेला असतो, आणि गेलेला भाग कुठल्याही रिमोटने परत येत नाही.

माझा निर्णय या कापाकापीनेच केला. एका रविवारी आईसाठी तिच्या आवडीच्या जुन्या कौटुंबिक मालिकेचा भाग इंटरनेटवरून लावला होता. जेवणाच्या टेबलाभोवती सगळं घर बसलंय, दोघांचं कडाक्याचं भांडण चाललंय. आई मध्येच खुदकन हसली. आम्ही कुणीच हसलो नाही, कारण आम्हाला हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, “अरे, तो लाडू पळवतोय ना!” लाडू नाही, हात नाही, टेबलसुद्धा नाही. पडद्याच्या खालच्या कडेला नुसते खांदे होते. ती आठवणीवर हसत होती. त्याच संध्याकाळी खोका धुंडाळला. भावाने पूर्वी टीव्हीवरून टेप केलेला तो भाग आम्ही पुढे डीव्हीडीवर उतरवून घेतला होता. चित्र धुरकट, एका बाजूला रंग फाटलेला. पण भांडणाऱ्या दोघांच्या मधून एक हात अगदी सावकाश लाडवाच्या ताटलीकडे सरकतोय, तो मात्र पूर्ण दिसला. त्या दिवशी सगळे एकदम हसलो.

तेव्हाच्या या मालिकांमध्ये नट बरेचसे रंगभूमीवरून आलेले. चौघं-पाचजण एका चौकटीत धरायचे आणि प्रसंग वाहू द्यायचा, अशी पद्धत. बोलतो एक आणि हशा पिकतो मागे गप्प उभ्या असलेल्याच्या हातवाऱ्यावर, धोतराचा सोगा सावरण्यावर. चित्र कापलं की आधी जातं ते हेच. चेहरे आणि संवाद उरतात, म्हणून काही हरवलंय हे लक्षातही येत नाही.

डिस्कचा त्रास नाही असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यानंतर आमच्या प्लेअरचा ट्रे अडकतो. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नसते, यूएसबीचा वेगळा ड्राइव्ह घ्यावा लागतो. व्हीसीडी असेल तर मोठ्या टीव्हीवर चौकटी चौकटी दिसतात. थोडं लांब बसलं की मला तरी चालतं, तुम्हाला कदाचित खटकेल. कधीकाळी मोजर बेअर कंपनीची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना मिळायची, त्यामुळे घरोघरी ती निष्काळजीपणेच हाताळली गेली. ओरखडे पडलेली डिस्क गोल गोल पुसू नका. मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. माझ्या अडकणाऱ्या बऱ्याच डिस्क तेवढ्याने चालू झाल्या. संगणकावर बघताना हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर डिस्क बिघडली असं समजू नका. व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केलं की त्या जातात. आणि चालणारी प्रत्येक डिस्क घरच्यापुरती हार्डडिस्कवर उतरवून ठेवा, कारण प्लेअरचा काही भरवसा नाही.

तुमच्या खोक्यात मुख्यतः चित्रपट असतील तर बहुधा इंटरनेट पुरेल. मालिका आणि नाटकांची चित्रणं असतील तर मात्र डिस्क टाकताना मी हात आखडता घेईन. निदान एक भाग दोन्हीकडून लावून बघा. भिंतीवरचं समोरून दिसणारं गोल घड्याळ शोधा: लंबगोल दिसलं तर चित्र ताणलंय, गोलच दिसलं पण माणसांच्या डोक्याचे केस वर कापलेले आणि नामावलीची खालची ओळ अर्धी असेल तर कापलंय. आमच्या खोक्यातून अशा एकवीस डिस्क वाचल्या. त्या आता माळ्यावर नाहीत, टीव्हीखालच्या कप्प्यात आहेत, आणि लाडवाचा भाग सगळ्यात वर.