दोन फाइली, दोन तऱ्हेच्या तारखा: टेक्स्ट टू कॉलम्स की पॉवर क्वेरी?

आमच्या सोसायटीत मेंटेनन्स महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरायचा असतो. काही सभासद थेट बँकेत भरतात, काही ॲपवरून. त्यामुळे महिनाअखेरीला खजिनदार म्हणून माझ्याकडे दोन सीएसव्ही फाइली (साध्या मजकुराच्या, स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) येतात. बँकेच्या फाइलीत आधी दिवस, मग महिना. ॲपच्या फाइलीत आधी महिना, मग दिवस. दोन्ही एक्सेलच्या एकाच शीटमध्ये आणायच्या. विंडोजमध्ये तारखेची मांडणी भारतीय ठेवली तर ॲपची फाइल बिघडते, अमेरिकन ठेवली तर बँकेची. सेटिंग बदलून हा प्रश्न सुटत नाही, फक्त एका फाइलीवरून दुसरीवर जातो. सेलचं फॉरमॅट बदलून तर काहीच होत नाही, कारण एक्सेल तारीख आत आकडा म्हणून ठेवतं आणि तो आकडाच चुकीचा बसलेला असतो.

टेक्स्ट टू कॉलम्स, म्हणजे कॉलममधला मजकूर पायरीपायरीने वाचून घेणारं एक्सेलच्या डेटा टॅबमधलं साधन, मी बरीच वर्षं वापरलं आणि त्याला नावं ठेवणार नाही. कॉलम निवडायचा, तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ घेऊन समोर डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) किंवा एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) निवडायचं, फिनिश. तिथे फाइलीत तारीख ज्या क्रमाने आली आहे तो क्रम सांगायचा असतो, आपल्याला हवा तो नव्हे. एवढं लक्षात ठेवलं की झालं. जुन्या एक्सेलमध्येही चालतं, शेजारी बसलेल्याला एकदा दाखवलं की तोही करतो. एका वेळी एकच कॉलम घेता येतो, म्हणून व्यवहाराची तारीख आणि व्हॅल्यू डेट (बँक रक्कम ज्या दिवसापासून धरते ती तारीख) असे दोन कॉलम असले की तेच दोनदा करायचं. हे चालवून घेता येतं.

मला चालवून घेता आलं नाही ते वेगळंच. एका जुलैत नवीन लॅपटॉपवर बँकेची फाइल मी डबल-क्लिक करून उघडली. त्यावर तारखेची मांडणी अमेरिकन होती, ते मी पाहिलं नव्हतं. १३ तारखेपासूनच्या नोंदी महिना म्हणून बसू शकत नाहीत, म्हणून त्या मजकूर होऊन डावीकडे चिकटल्या. तेवढा खालचा पट्टा निवडून मी डीएमवाय केला, सगळा कॉलम उजवीकडे सरळ झाला आणि काम झालं असं वाटलं. पण १ ते १२ तारखांच्या नोंदी फाइल उघडतानाच उलटल्या होत्या. ५ जुलैची ७ मे झाली, ८ जुलैची ७ ऑगस्ट. फक्त ७ जुलै आणि १३ पासूनच्या तारखा बरोबर राहिल्या. ज्यांनी ८, ९ आणि १० तारखेला पैसे भरले त्यांच्या बिलात विलंबाचं व्याज लागलं. तळमजल्यावरच्या काकू पासबुक घेऊन वर आल्या. इतक्या वर्षांत त्यांचा एकही हप्ता चुकलेला नव्हता. मी माफी मागितली, बिलं दुरुस्त केली, पण ती दुपार मी विसरलेलो नाही.

वर्षात अशा १३२ तारखा असतात, ज्या उलटल्या तरी खऱ्याच दिसतात. आणि मेंटेनन्स तर पहिल्या दहा दिवसांतच येतो! म्हणजे आमच्या बहुतेक नोंदी नेमक्या धोक्याच्या पट्ट्यातल्या. टेक्स्ट टू कॉलम्स हातात येतं तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. यावर उपाय आहे: फाइलीच्या नावाचा शेवट बदलून टीएक्सटी करायचा आणि एक्सेलमधून ती उघडायची. मग उघडण्याआधीच तिन्ही पायऱ्या समोर येतात. पण ते दर महिन्याला, दर फाइलीला आठवणीने करावं लागतं, आणि घाईत एकदा जरी डबल-क्लिक झालं तरी कुठेही सूचना येत नाही.

पॉवर क्वेरी, म्हणजे फाइली ठरवून दिलेल्या पायऱ्यांनी वाचून शीटमध्ये आणणारं साधन, एक्सेल २०१६ पासून डेटा टॅबमध्येच आहे. शिकायला वेळ लागतो, हे मान्य. मला दोन रविवार लागले. फाइल आणली की पॉवर क्वेरी स्वतःहून ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी जोडते आणि तिथे संगणकाच्या सेटिंगप्रमाणे तारखा लावते. ती पायरी आधी काढून टाकायची, मग कॉलमवर उजवं क्लिक, चेंज टाइप, युझिंग लोकॅल. लोकॅल म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या रीतीने वाचायची ते. बँकेच्या फाइलीला इंग्लिश (इंडिया), ॲपच्या फाइलीला इंग्लिश (युनायटेड स्टेट्स). दोन वेगळ्या क्वेरी (दर फाइलीच्या पायऱ्यांचा एक संच), आणि शेवटी अपेंड, म्हणजे एकाखाली एक जोडणं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आधी आपापल्या रीतीने वाचायचं, मग एकत्र करायचं. एकदा मिसळलेल्या कॉलममध्ये ०३/०४ कुठून आली हे कोणतंच साधन सांगू शकत नाही.

लोकॅल चुकून उलटं लागलं, तर १३ तारखेपासूनच्या ओळींवर सरळ ‘एरर’ येतं आणि बाजूच्या पट्टीत किती ओळी अडल्या तो आकडाही दिसतो. पहिल्या बारा दिवसांच्या ओळी इथेही गपचूप उलटतात, हे खरं. पण महिनाभराच्या स्टेटमेंटमध्ये १३ नंतरची एखादी तरी नोंद असतेच, आणि ती ओरडते. पुढच्या महिन्यात नवीन फाइल त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये टाकायची आणि रिफ्रेश ऑल. तारखेचा निर्णय पुन्हा घ्यावा लागत नाही. फोल्डर हलवलं तर मात्र क्वेरी अडते आणि जागा नव्याने दाखवावी लागते.

एखादीच फाइल, एकदाच साफ करायची असेल तर टेक्स्ट टू कॉलम्स पुरे, फक्त डबल-क्लिक टाळा. काम दर महिन्याचं असेल आणि त्या तारखांवर कुणाचे पैसे ठरत असतील, तर मला वाटतं ते दोन रविवार काढावेत. मी अजूनही रिफ्रेश झाल्यावर पाच नोंदी पासबुकाशी ताडून पाहतो, आणि त्यात काकूंची एक असतेच.