सेलाव्हिजन डीसी-१: मोजणी चोख, पण स्मिअर चांगला हवा

दिवसाला पंधरा-वीस स्मिअर (काचेच्या स्लाइडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) आणि सही करणारे पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्या गावात, अशी लॅब असेल तर स्मिअरमधल्या पेशी ओळखून मोजणारं, स्वीडनच्या सेलाव्हिजन कंपनीचं डीसी-१ हे यंत्र घेण्यासारखं आहे. साठ स्मिअर असतील तर नको. यात एका वेळी एकच स्लाइड बसते. तासाला साधारण १० स्लाइड होतात आणि प्रत्येक वेळी तेलाचा थेंब टाकायला, स्लाइड बदलायला माणूस लागतोच.

यंत्र १००एक्सच्या भिंगाखाली पांढऱ्या पेशी शोधून फोटो काढतं आणि न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेला संगणक प्रोग्रॅम) त्यांची प्रकारांनुसार वाटणी करतं. पडद्यावर सगळे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) शेजारी-शेजारी लागले, की त्यात घुसलेला ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी, लगेच खटकतो. मायक्रोस्कोपवर ही सोय नाही. मात्र वाटणी कच्ची असते. चुकलेली पेशी ओढून बरोबर गटात टाकायची, मगच सही. हे काम पॅथॉलॉजिस्ट आपल्या गावी बसून करू शकतात. खरे पैसे या सोयीचे आहेत.

मोजणी २०० पेशींची ठेवा. १०० पेशींत ५ मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) आले, तर खरा आकडा २ ते ११ टक्क्यांत कुठेही असू शकतो. मोजणी माणसाची असो वा यंत्राची, हे गणित बदलत नाही.

बहुतेक तक्रारींचं मूळ स्टेनिंगमध्ये, म्हणजे स्मिअर रंगवण्यात, सापडतं. बफरचा पीएच ६.८ हवा. तो अल्कलाइन झाला की लाल पेशी निळसर-करड्या दिसतात, ॲसिडिक झाला की केंद्रकं फिकी पडतात, आणि वाटणी बिघडते. लेशमन हा रंग न गाळता वापरला तर त्याचा गाळ प्लेटलेटसारखा दिसतो. म्हणून डेमोला कंपनीच्या देखण्या स्लाइड नकोत, आपल्या रोजच्या द्या.

सीएलएलमध्ये (लिम्फोसाइटचा एक रक्तकर्करोग) स्मज सेलचा, म्हणजे स्मिअर ओढताना फुटलेल्या पेशींचा, ढीग लागतो. रक्ताच्या ५ थेंबांत २२ टक्के बोवाइन अल्ब्युमिनचा (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण) १ थेंब मिसळून दुसरा स्मिअर ओढा. पेशी फुटायच्या थांबतात. डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) फारच कमी असतील तर १०० पेशीही भरत नाहीत, तिथे बफी कोटचा, म्हणजे रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर जमणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या थराचा, स्मिअर बरा.

डेंग्यूच्या हंगामात एक गोष्ट विसरू नका. यंत्र मोनोलेअर, म्हणजे पेशी एकाच थरात पसरलेला भाग, बघतं, तर प्लेटलेटचे गठ्ठे बहुधा स्मिअरच्या शेपटीला जमतात. प्लेटलेट काउंट अचानक ३० हजार आला, तर शेपटी १०एक्सखाली स्वतः बघा. गठ्ठे दिसले तर सायट्रेट ट्यूबमध्ये नमुना पुन्हा घ्या आणि आलेल्या काउंटला १.१ने गुणा.

मलेरियासाठी मात्र यावर विसंबू नये. थिक स्मिअर (रक्ताचा जाड थर) आणि तेलातली १०० फील्ड मायक्रोस्कोपवरच बघायची. जुना मायक्रोस्कोप भंगारात काढू नका.