७४२ डॉलरची कार्बन फ्रेम आणि तो सीरियल नंबर

आधी आकडेच सांगतो. सायकलच्या कार्बन फ्रेमसेटचे (फ्रेम आणि पुढचा फोर्क) ७४२ डॉलर, "शिपिंग आणि विमा" म्हणून वर ११८, आणि त्या फ्रेममध्ये धड न बसलेल्या बॉटम ब्रॅकेटचे (पेडलचा आस ज्यात फिरतो ते बेअरिंग) ३८. एकूण ८९८ डॉलर पाण्यात. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. लिहायची लाज वाटतेय, पण मला बनावट फ्रेम विकणारा सेलर आजही तीच फ्रेम विकतोय म्हणून लिहितोय.

मी काही नवखा नाही. तीन सायकली स्वतः बांधल्यात, दोन मित्रांना बांधून दिल्यात. रिम ब्रेकवाली जुनी सायकल बरेच वर्षं चालवली, २०१८ ला यूसीआयने (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) रोड रेसमध्ये डिस्क ब्रेकला कायमची परवानगी दिली आणि त्यानंतर हळूहळू चांगल्या एअरो (वाऱ्याला कमी अडणाऱ्या) फ्रेम फक्त डिस्कच्याच यायला लागल्या, तेव्हा ठरवलं की एक एअरो डिस्क सायकल स्वतः बांधायची. ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), चाकं, रोटर (डिस्क ब्रेकची चकती) सगळं सात-आठ महिन्यांत जमवलं. फक्त फ्रेम राहिली होती, आणि सगळं सामान खोक्यांत पडलेलं असताना माणसाचा धीर सुटतो तो असा.

स्कीम तुम्हाला माहीतच आहे. नामांकित कंपनीची फ्रेम, "फॅक्टरीतला जादा माल", मूळ किमतीच्या चौथ्या हिश्शात. वजनकाट्यावर ९८० ग्रॅमचा फोटो. टी१००० कार्बन (जास्त ताकदीचा धागा). यूसीआयच्या मंजुरीचं स्टिकर. मीही आधी हसलोच होतो, पण हा सेलर बोलायला पक्का होता. फ्लॅट माउंट (डिस्क ब्रेकची बैठक), चाकांच्या आसांची मापं पुढे १२ बाय १००, मागे १२ बाय १४२ थ्रू अॅक्सल, प्रेसफिट ८६ (बॉटम ब्रॅकेटचा प्रकार), स्टिअररचा (फोर्कची वरची नळी) व्यास, विचारलं ते सगळं क्षणात आणि बरोबर सांगायचा. इतकं माहीत असलेला माणूस फसवेल असं वाटलं नाही. आता कळतं की त्याला हे माहीत असणारच, रोज तेच विकतो.

आता तो क्षण. मी त्याला म्हटलं, बॉटम ब्रॅकेटच्या खालचा सीरियल नंबर व्हिडिओत दाखव. तो म्हणाला, नंबर पॅकिंगच्या वेळी लावतात. आणि त्याच दिवशी, त्याच्या तासभर आधी, मी जुनी सायकल उलटी करून पुसली होती आणि तिच्यावर तो नंबर क्लिअरकोटच्या (रंगावरचा पारदर्शक थर) आत होता, मी त्यावरून फडका फिरवला होता, बोटाला कड लागत नाही इतका आत. पॅकिंगच्या वेळी तो आत जाणार कसा? हे मला कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी मी "ओके" टाइप केलं. बाकी सगळ्याबद्दल स्वतःला माफ केलंय, त्या "ओके"बद्दल नाही.

पैसे त्याने "मित्र-नातेवाइकांना पाठवा" या पर्यायातून मागितले, ४ टक्के फी वाचेल म्हणून. २९ डॉलर ६८ सेंट वाचवायला मी खरेदीचं सगळं संरक्षण सोडून दिलं. असं कधीही करू नका, समोरचा सख्खा भाऊ असला तरी खरेदीचे पैसे खरेदी म्हणूनच पाठवा, शक्यतो क्रेडिट कार्डाने.

खोकं ३४ दिवसांनी आलं. त्यावर किंमत लिहिली होती ६० डॉलर. हे लक्षात ठेवा, पुढे याच ६० ने मला मारलं.

काट्यावर फ्रेम भरली १,३१८ ग्रॅम. म्हटलं रंग जास्त असेल. (३३८ ग्रॅम रंग! पण त्या वेळी मनाला तेच ऐकायचं होतं.) मग बॉटम ब्रॅकेटचे कप, जे दाबून बसवावे लागतात, ते नुसत्या हाताने आत गेले. प्रेसफिटला ४१ मिमीचं भोक लागतं, इथे मोजायचा कॅलिपर लावला तर डावीकडे ४१.० आणि उजवीकडे ४१.३. मागच्या ब्रेकची बैठक तिरकी होती, ब्रेकचा कॅलिपर कसाही बसवला तरी एक पॅड रोटरला घासायचाच. हे सगळं बघूनही मी फोर्कचा स्टिअरर कापला, कारण अजूनही वाटत होतं की बैठक घासून सरळ करता येईल. कापलेल्या तोंडावर पोकळ्या दिसल्या, एका जागी रेझिन न लागलेले कोरडे धागे, नखाने थर सुटत होते. डिस्क ब्रेक दाबला की सगळी ओढ फोर्कच्या डाव्या पायावर येते आणि तिथून वर क्राउन (फोर्कचे दोन्ही पाय जुळतात ती जागा) आणि स्टिअररवर. उतारावर तो तुटला असता तर माझं काय झालं असतं याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत बसलो होतो.

टी१००० चं पण सांगतो. टोरे या जपानी कंपनीच्या टी७०० धाग्याची ताण सहन करायची ताकद ४.९ गिगापास्कल आणि टी१००० ची ६.३७, हे खरं आहे. पण फ्रेम टिकते ती थर किती, कोणत्या कोनात आणि कसे दाबून बसवले त्यावर. आणि आत कोणता धागा आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही, म्हणूनच तो आकडा बिनधास्त छापतात. यूसीआयचं स्टिकरही तसंच, कोणीही छापतं. मंजूर फ्रेमची यादी यूसीआय स्वतः प्रसिद्ध करतं, त्यात मॉडेल आणि कोड जुळतो का ते पैसे द्यायच्या आधी बघा.

सेलरने आधी तीन आठवडे "मॅनेजरशी बोलतो" म्हणत काढले, मग म्हणाला तक्रार केली नाहीस तर १५ टक्के परत देतो, म्हणजे १११ डॉलर ३० सेंट. मी नाही म्हटलं.

त्यानंतरचे चार महिने मला सेलरपेक्षाही या बाकीच्यांचा संताप आला. पेमेंट कंपनी म्हणाली, ही खरेदीच नाही, तुम्ही मित्राला पैसे पाठवलेत. मी सगळं चॅट पाठवलं. मग म्हणाले, माल बनावट आहे असं लेखी आणा. ज्या कंपनीचं नाव फ्रेमवर आहे तिला फोटो पाठवले, तिने फोनवर सरळ सांगितलं की नंबर खोटा आहे, पण लेखी? नाही, आम्ही न विकलेल्या मालावर आम्ही अभिप्राय देत नाही. बनावट आहे म्हणून विकलेला नाही, आणि विकलेला नाही म्हणून बनावट असं लिहून देणार नाही! पेमेंट कंपनी मग म्हणाली, स्वखर्चाने माल परत पाठवा. कुरियरचा दर १६४ डॉलर, आणि "बनावट" शब्द ऐकल्यावर कुरियरवाल्याने असा माल घेत नाही म्हणून खोकं परत सरकवलं. शेवटी पेमेंट कंपनीचं उत्तर आलं की खोक्यावरची किंमत ६० डॉलर आहे आणि वस्तूत तुम्ही बदल केलेला आहे. बदल म्हणजे तो कापलेला स्टिअरर, ज्याच्यामुळे खोटेपणा दिसला तोच! पोलिसांत गेलो तर समोरचे साहेब म्हणाले, सेलर परदेशात आहे, आणि सायकलचा सांगाडाच ना, एवढं काय. एवढं काय? तो सांगाडा ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने उतरताना माणसाच्या खाली असतो हो.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. सगळ्यात आधी वजन करा आणि कॅलिपर लावा, आणि एकही गोष्ट चुकली तर काहीही कापू नका, ग्रीससुद्धा लावू नका. सीरियल नंबर आधी मागा आणि तो कंपनीकडे स्वतः तपासा. खोक्यावर किंमत कमी लिहितो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. ज्यांना बिनब्रँडची फ्रेम घ्यायचीय त्यांनी ज्यांचा माल उघडपणे बिनब्रँड म्हणून विकला जातो आणि आयएसओ ४२१० या सायकल-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीचे कागद मिळतात अशांकडूनच घ्या, ती वेगळी गोष्ट आहे आणि त्यात वाईट काही नाही.

मागच्या आठवड्यात एकाने ती फ्रेम २०० डॉलरला मागितली, "ट्रेनरवर लावायला", म्हणजे घरात जागच्या जागी चालवायला. दिली नाही. डाउन ट्यूब (फ्रेमची खालची नळी) आणि फोर्कचे दोन्ही पाय करवतीने आरपार कापले, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या खाली जाणार नाही. सेलरच्या पानावर काट्याचा तोच ९८० ग्रॅमचा फोटो काल रात्रीपर्यंत होता. मी अकरा वेळा रिपोर्ट केलाय.