डिस्कचा वेग मोजायला काय वापरावं: फायो, डिस्कस्पीड, क्रिस्टलडिस्कमार्क की स्वतः लिहिलेलं साधन?

एकच एसएसडी लिनक्स, विंडोज आणि मॅकवर मोजली आणि तीन वेगळे आकडे आले, की पहिला संशय ऑपरेटिंग सिस्टिमवर जातो. खरं तर बहुतेक वेळा मोजणीच तीन वेगवेगळ्या गोष्टींची झालेली असते. एका ठिकाणी मेमरीतला कॅशे मोजला जातो, दुसऱ्या ठिकाणी ड्राइव्हच्या आतला बफर, आणि एखाद्याच ठिकाणी प्रत्यक्ष फ्लॅश. त्यामुळे साधन निवडताना मी एकच कसोटी लावतो: काय मोजायचं हे त्याला नेमकेपणाने सांगता येतं का, आणि सांगितलेलं ते प्रत्येक सिस्टिमवर पाळतं का?

टर्मिनलवरून चालणारी डीडी आणि एचडीपार्म ही छोटी साधनं इथेच बाजूला ठेवू. डीडीने शून्यांची फाइल लिहिली की डेटा आधी मेमरीत जातो आणि वेग मेमरीचा दिसतो. शेवटी डिस्कवर पोचवण्याची सक्ती करणारा पर्याय जोडला तर आकडा बराच सुधारतो. पण बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यं जवळजवळ नाहीशीच होतात. ड्राइव्ह जिवंत आहे का, केबल किंवा पोर्ट भलत्याच वेगाने चालतंय का, एवढं पाहायला ही दोन्ही पुरेशी आहेत.

खिडकी उघडा, बटण दाबा

विंडोजवर बहुतेक लोक क्रिस्टलडिस्कमार्क वापरतात, आणि नवा ड्राइव्ह जाहिरातीतल्या वेगाच्या आसपास जातो का हे पाहायला ते उत्तम आहे. त्याचं प्रत्यक्ष काम आतून मायक्रोसॉफ्टचं डिस्कस्पीड हे आदेशाने चालणारं साधन करतं. लिनक्सवरचं केडिस्कमार्क दिसायला तसंच आहे, पण त्याच्या पोटात फायो हे तिन्ही सिस्टिमवर चालणारं मोजणीचं साधन आहे. मॅकवर अमॉर्फसडिस्कमार्कही त्याच धाटणीचं. तिन्ही खिडक्या सारख्या दिसतात म्हणून आकडे शेजारी शेजारी मांडायचा मोह होतो. तो टाळा. इंजिनं वेगळी आहेत, आणि कॅशे वगळण्याची पद्धतही प्रत्येक सिस्टिमवर वेगळी आहे. शिवाय क्रिस्टलडिस्कमार्क अनेक फेऱ्यांमधला सर्वांत चांगला आकडा दाखवतं. ड्राइव्हची कमाल ताकद पाहायची असेल तर ते ठीक आहे, रोजचा अनुभव ओळखायचा असेल तर नाही.

या खिडकीत लोक सगळ्यात वरची ओळ वाचतात: १ मेबीबाइटचे सलग तुकडे, एका वेळी ८ मागण्या. माझी नजर सगळ्यात खालच्या ओळीवर जाते: ४ किबीबाइटचे विखुरलेले तुकडे, एका वेळी एकच मागणी. समजा एका वाचनाला १०० मायक्रोसेकंद लागले. मग सेकंदाला १०,००० वाचनं होतात, म्हणजे जेमतेम ४१ मेगाबाइट. त्याच ड्राइव्हच्या खोक्यावर ७००० मेगाबाइट लिहिलेलं असू शकतं आणि दोन्ही आकडे खरे असतात. एका वेळच्या मागण्यांची संख्या भागिले लेटन्सी (एका मागणीला लागणारा वेळ), हेच सगळ्या बेंचमार्कचं मूळ गणित आहे. क्यू डेप्थ (एका वेळच्या मागण्यांची संख्या) ३२ केली की आकडा फुगतो, पण एखादा प्रोग्रॅम उघडताना ड्राइव्हपुढे ३२ मागण्या क्वचितच उभ्या असतात.

एककंही तपासून घ्या. क्रिस्टलडिस्कमार्क सहसा दशमान मेगाबाइट (१० लाख बाइट) दाखवतं, तर डिस्कस्पीड मेबीबाइट (१०,४८,५७६ बाइट). इंजिन तेच असूनही आकड्यांत जवळजवळ ५ टक्के फरक एवढ्यानेच पडतो.

खरी निवड: डिस्कस्पीड की फायो

सगळी यंत्रं विंडोजची असतील तर डिस्कस्पीड घ्यावं. एकच छोटी फाइल, इन्स्टॉल करायची गरज नाही, आणि लेटन्सीचे पर्सेंटाइलही (किती टक्के मागण्या किती वेळात संपल्या) मिळतात. मात्र त्याच्या मूळ सेटिंगमध्ये दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे काही न सांगता चालवलं तर वाचन-लेखन विंडोजच्या कॅशेतूनच होतं. सॉफ्टवेअर कॅशे आणि हार्डवेअरचा राइट कॅशे दोन्ही वगळणारा पर्याय स्वतः द्यावा लागतो. दुसरी म्हणजे लिहिण्याच्या बफरमध्ये ठरावीक बाइट पुन्हा पुन्हा येतात. कॉम्प्रेशन करणाऱ्या कंट्रोलरला असा डेटा फार सोपा जातो, म्हणून रँडम डेटा मुद्दाम मागावा.

यंत्रं मिश्र असतील तर माझं मत स्पष्ट आहे: सगळीकडे फायो. ते येन्स अॅक्सबो यांनी लिहिलं. लिनक्सच्या ब्लॉक लेयरची (डिस्ककडे मागण्या नेणाऱ्या थराची) देखभाल तेच करतात, आणि २०१९ मध्ये लिनक्स ५.१ बरोबर आलेली आयओ-युरिंग ही मागण्या पाठवण्याची पद्धतही त्यांचीच. फायोची जॉब फाइल म्हणजे मोजणीचा लेखी करार. ब्लॉक केवढा, वाचन किती, लेखन किती, किती वेळ, हे सगळं एका फाइलमध्ये राहतं, आणि सहा महिन्यांनी तीच चाचणी तशीच पुन्हा करता येते. निकाल जेसनमध्ये (प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या स्वरूपात) घेतले की तुलनाही आपोआप करता येते.

पण तीच जॉब फाइल तिन्हीकडे चालवली म्हणजे तीच चाचणी झाली, असं मात्र नाही. फायोचं मूळ (काही न सांगता वापरलं जाणारं) आयओ इंजिन, म्हणजे मागण्या पाठवणारा भाग, विंडोजवर असिंक्रोनस आहे: ते उत्तराची वाट न पाहता पुढची मागणी पाठवतं. लिनक्स आणि मॅकवर ते साधं, एक मागणी संपेपर्यंत थांबणारं आहे, आणि अशा इंजिनवर क्यू डेप्थचा काहीही परिणाम होत नाही. इंजिन न लिहिता क्यू डेप्थ ३२ दिली तर विंडोजवर खरोखर ३२ मागण्या जातात आणि लिनक्सवर एकच. मग "विंडोज कितीतरी वेगवान" असा निष्कर्ष निघतो आणि तो पूर्ण खोटा असतो. इंजिन प्रत्येक सिस्टिमसाठी नाव घेऊन लिहा: लिनक्सवर आयओ-युरिंग किंवा लिबएआयओ, विंडोजवर विंडोजएआयओ, मॅकवर पॉझिक्सएआयओ. लिबएआयओ घेतलंत तर डायरेक्ट (कॅशे वगळणारा पर्याय) चालू ठेवा, नाहीतर तिथेही रांग लागत नाही.

"डायरेक्ट" तीन प्रकारचं असतं

लिनक्सवर ओ-डायरेक्ट हा झेंडा (उघडताना द्यायचा पर्याय) देऊन फाइल उघडली की पेज कॅशे (सिस्टिमचा मेमरीतला कॅशे) वगळला जातो, पण बफरचा पत्ता, ऑफसेट आणि लांबी सेक्टरच्या पटीत असावी लागते. फाइल सिस्टिमही साथ देणारी हवी. झेडएफएस कित्येक वर्षं हा झेंडा स्वीकारून डेटा स्वतःच्या कॅशेतूनच नेत असे, खरं डायरेक्ट आयओ २.३ आवृत्तीत आलं. विंडोजवर सेक्टरच्या पटीचा नियम तसाच आहे, पण बफरिंग बंद करणं आणि लेखन थेट माध्यमापर्यंत नेणं हे दोन वेगळे झेंडे आहेत. मॅकवर ओ-डायरेक्ट नाहीच. तिथे एफ-नोकॅशे आहे आणि ती सूचना आहे, हमी नव्हे. फाइलचा भाग आधीच मेमरीत असेल तर तो तिथूनच मिळू शकतो.

डेटाबेससाठी मोजत असाल तर यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे: वीज गेली तर लिहिलेलं टिकेल का? लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर पोचवण्याचा आदेश) केलं की ड्राइव्हलाही त्याचा आतला कॅशे रिकामा करायला सांगितलं जातं. मॅकवर साधं एफसिंक डेटा ड्राइव्हकडे सोपवून परत येतं. ड्राइव्हने तो कायमचा लिहावा यासाठी एफ-फुलएफसिंक वेगळं मागावं लागतं, आणि ते बरंच हळू असतं. हा फरक विसरून केलेली तुलना मॅकला फुकटचे गुण देते.

स्वतःचं साधन कधी लिहावं

दोनच कारणं मला पटतात. एक, तुमच्या प्रोग्रॅमची चाल इतकी खास आहे की ती फायोच्या जॉब फाइलमध्ये बसत नाही. दोन, तुमचं सॉफ्टवेअर बसवण्याआधी वापरणाऱ्याच्या डिस्कची पटकन चाचणी घ्यायची आहे आणि सोबत दुसरं काही पाठवायचं नाही. शिकण्यासाठी लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त त्या आकड्यांवर खरेदी ठरवू नका.

लिहायला घेतलंत तर आयओ-युरिंग, विंडोजचे कम्प्लिशन पोर्ट आणि मॅकसाठी आणखी काही, अशी तीन इंजिनं बांधू नका. साधे थ्रेड (प्रोग्रॅमचे समांतर चालणारे धागे) घ्या, प्रत्येक थ्रेड एका वेळी एक मागणी पाठवेल, जितके थ्रेड तितकी क्यू डेप्थ. ३२ पर्यंत हे तिन्हीकडे छान चालतं आणि तीन शाखांऐवजी एकच तर्क तपासावा लागतो. विंडोजवर मात्र प्रत्येक थ्रेडने फाइल स्वतंत्र उघडावी. एकाच सिंक्रोनस हँडलवरच्या (एकदाच उघडलेल्या फाइलवरच्या) मागण्या विंडोज एकामागोमाग एकच चालवतं, आणि तुमचे ३२ थ्रेड गुपचूप रांगेत उभे राहतात.

चाचणीची फाइल आधी रँडम डेटाने पूर्ण लिहून काढा. नुसती जागा राखून ठेवलेली फाइल वाचली तर फाइल सिस्टिम डिस्ककडे न जाता शून्यं परत देते. रँडम डेटा घड्याळ सुरू होण्याआधी तयार ठेवा, नाहीतर प्रोसेसरचा वेळ डिस्कच्या नावावर चढतो. घड्याळ मोनोटॉनिकच हवं, म्हणजे कधीही मागे न जाणारं. अॅपल सिलिकॉनवर मॅकच्या आतल्या माक घड्याळाचा एक ठोका म्हणजे एक नॅनोसेकंद नसून सुमारे ४१.६७ नॅनोसेकंद असतो, तेव्हा रूपांतर करा. सरासरीसोबत ९९ वा पर्सेंटाइल आणि कमाल लेटन्सी दाखवाच, कारण माणसाला जाणवतो तो अडखळा तिथेच दिसतो. भाषा सी किंवा रस्ट असावी. गो चालेल, पण कमाल लेटन्सीत गार्बेज कलेक्टरचा (मेमरी आपोआप साफ करणाऱ्या भागाचा) वाटा मिसळू शकतो.

शेवटी साधनाचीच परीक्षा घ्या. तीच चाचणी फायोवर करा, आणि चालू असताना शेजारी डिस्कची हालचाल दाखवणारं आयओस्टॅट किंवा विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर उघडा. तुमचं साधन सेकंदाला ३ गिगाबाइट म्हणत असेल आणि डिस्क शांत बसलेली दिसत असेल, तर तुम्ही मेमरी मोजताय.

कोणतंही साधन घ्या, ड्राइव्हची चाल वेगळीच

बहुतेक ग्राहक एसएसडी लिहिताना आधी डेटा एसएलसी कॅशेत (प्रति सेल एकच बिट ठेवणाऱ्या वेगवान भागात) घेतात आणि मग सावकाश टीएलसी किंवा क्यूएलसीत (प्रति सेल तीन किंवा चार बिट ठेवणाऱ्या, हळू भागात) हलवतात. १ गिबीबाइटची चाचणी सहसा त्या कॅशेतच संपते. मोठ्या फाइली हलवणाऱ्याने कॅशे संपून वेग कोसळेपर्यंत लिहीत राहावं आणि कोसळल्यानंतरचा आकडा नोंदवावा. ट्रिम झालेली (ड्राइव्हला रिकामी म्हणून कळवलेली) किंवा कधीच न लिहिलेली जागा वाचली तर कंट्रोलर फ्लॅशला न विचारताच उत्तर देतो, म्हणून कोऱ्या ड्राइव्हचे वाचनाचे आकडे खरे मानू नयेत. स्निया या संस्थेच्या एसएसडी चाचणीच्या मानकात मोजण्याआधी क्षमतेच्या दुप्पट डेटा लिहायला सांगितलं आहे. घरच्या ड्राइव्हसाठी एवढं नको, पण कोरा आणि वापरलेला ड्राइव्ह यांची तुलनाही नको.

फायोला फाइलऐवजी थेट ड्राइव्हचं नाव देऊन लेखनाची चाचणी लावली तर ते सगळा डेटा पुसत जाईल. लिनक्सवर रीबूटनंतर ड्राइव्हची छोटी नावं अदलाबदल होऊ शकतात. त्यामुळे अख्खा ड्राइव्ह मोजायचाच असेल तर मॉडेल आणि सिरियल क्रमांक असलेलं बाय-आयडीचं लांब नाव वापरा, आणि आदेश चालवण्याआधी तो क्रमांक ड्राइव्हच्या लेबलशी जुळवून पाहा.