'तेनेर के' की 'देबेर'?

स्पॅनिशची रूपं पाठ झाली, वर्तमानकाळ जिभेवर बसला, की 'करायला पाहिजे' कसं म्हणायचं इथे गाडी अडते. त्यासाठी 'तेनेर के' आणि 'देबेर' अशी दोन क्रियापदं समोर येतात. मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात राहायला आलो तेव्हा पहिले काही महिने सगळीकडे 'देबेर'च वापरत होतो. ते सुटसुटीत होतं. 'तेनेर'सारखी वाकडी रूपं नाहीत, मागे 'के' लावायची आठवण ठेवायला नको.

दोन्हींतला फरक मराठी कानाला लवकर कळतो. 'तेंगो के इर' म्हणजे 'मला जावं लागणार'. बस सुटते आहे, साहेबांचा फोन आलाय, इलाज नाही. 'देबो इर' म्हणजे 'मी जायला हवं'. ते कर्तव्य म्हणून आलं. 'देबेर'चा मूळ अर्थच देणं लागणं. दुकानात पैसे देताना 'क्वान्तो ले देबो?' असं विचारतात, आणि स्पेनमध्ये मुलांच्या गृहपाठाला 'देबेरेस' म्हणतात. आपणही 'मी त्याचे 500 रुपये देणं लागतो' म्हणतोच. पण आपलं 'जावं लागतं' मात्र 'तेनेर के'च्या शेजारी बसतं.

माझं मत बदललं ते एका जानेवारीत. घरातला गरम पाण्याचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाल्यांना फोन केला, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, 'मान्याना देबे बेनीर एल तेक्निको.' मी ऐकलं ते असं: उद्या माणूस यायलाच हवा. रजा टाकली आणि सकाळी 9 पासून स्वेटर घालून दाराकडे कान लावून बसलो. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. पुन्हा फोन केल्यावर कळलं, त्यांना म्हणायचं होतं 'उद्या येईल बहुतेक'.

चूक त्यांची नव्हती. व्याकरणाप्रमाणे 'देबेर' पुढे सरळ क्रियापद आलं तर बंधन आणि मध्ये 'दे' आलं तर अंदाज. पण अंदाजासाठी 'दे' गाळलं तरी रेआल अकादेमियाला, म्हणजे स्पॅनिशचे नियम ठरवणाऱ्या संस्थेला, ते चालतं, आणि बोलताना लोक ते गाळतात. मग ऐकणाऱ्याने सूर आणि प्रसंग पाहून ठरवायचं. नवशिक्याला, त्यातून फोनवर, हे फार जड जातं. 'तेनेर के'सुद्धा तर्कासाठी येतं, नाही असं नाही. 'तिएने के सेर एल' म्हणजे 'तोच असणार'. पण तिथे बोलणाऱ्याची खात्री असते, त्यामुळे माझी तरी त्यावर कधी फसगत झाली नाही.

सल्ला द्यायचा असेल तर 'देबेस' ('तू करायला हवंस') मला थोडं करडं वाटतं. त्याचंच 'देबेरीयास' हे रूप मऊ आहे आणि सगळीकडे चालतं. 'ते रेकोमिएन्दो के' ('मी तुला सुचवतो की') म्हटलं की पुढे सुब्हुन्तिवो, म्हणजे इच्छा-सल्ल्यासाठीचं क्रियापदाचं वेगळं रूप, लागतो. 'तू जावंस' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना त्याची कल्पना नवी नाही, रूपं तेवढी घोटावी लागतात. पण खरा गोडवा 'यो के तू'मध्ये आहे. एकदा मी पाएया, म्हणजे इथला भाताचा प्रकार, करत होतो. तांदूळ पसरून झाले, रस्सा उकळत होता, आणि मी सवयीने उलथनं घातलं. शेजारच्या आजी हळूच म्हणाल्या, 'यो के तू, नो लो रेमोबेरीया.' मी तुझ्या जागी असते तर ढवळलं नसतं. मी उलथनं बाजूला ठेवलं. तळाशी खरपूस थर धरायचा तर तांदूळ ढवळायचे नसतात. 'नो आय के रेमोबेर', हेही त्यांनीच नंतर सांगितलं.

तेव्हा एकच निवडायचं असेल, तर मी आधी 'तेनेर के' पक्कं करा म्हणेन. कोणाला दोन्ही एकदम जमत असेल तर उत्तमच. नकारात मात्र 'देबेर' हाताशी हवंच, कारण 'नो तिएनेस के बेनीर' म्हणजे बहुतेक वेळा 'यायची गरज नाही' आणि 'नो देबेस बेनीर' म्हणजे 'तू येऊ नयेस'. यांची अदलाबदल झाली तर माणूस दुखावतो.

आणि फोनवर कोणी 'देबे बेनीर' म्हणालं, की मी आता लगेच विचारतो: 'पेरो, बिएने सेगुरो?' नक्की येतोय ना?