नट्याची फ्रेम: ७२० रुपये, अकरा दिवस

एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की डोळे आधी सांध्याकडे जातात. या फोटोफ्रेमचे चारही कोपरे नखानं तपासले. कुठंही नख अडकत नाही. हे पहिल्यांदा सांगून टाकतो, बाकीचं सावकाश.

दुकान साताऱ्यात, राजवाड्याजवळच्या एका बोळात. नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडी तक्रार आहे आणि म्हातारा भला माणूस आहे. आठ बाय दहाची खोली. भिंतीवर शिवाजी महाराज, स्वामी समर्थ, कुणाकुणाचे आजोबा, फेटेवाले नवरदेव. जमिनीवर काचेचा चुरा असतो, म्हणून चप्पल घालूनच आत जायचं. वॉर्निशच्या वासानं डोकं धरतं.

फोटो नट्याचा. नट्या म्हणजे आमचा कुत्रा, गावठी, तांबडा. डेपोत एका गाडीच्या मागच्या चाकाशी सापडला तेव्हा नटबोल्टच्या डब्यात मावत होता, म्हणून नट्या. अकरा वर्षं राहिला आमच्याकडं. एक कान अर्धा फाटलेला. चार भिंती स्मारकाच्या वाटेवर दुसऱ्या गल्लीच्या टोळीशी भांडला होता, त्याची ती खूण.

गेल्या आषाढात गेला. गोचीड ताप. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांच्यासाठी इथं जरा थांबतो. पहिल्यांदा त्यानं भाकरीला तोंड लावणं सोडलं. आम्ही म्हटलं, उन्हाळ्याचं होतं असं, खाईल. इथंच आमचं चुकलं. मग पोटावर लाल ठिपके दिसले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, आणि एका सकाळी फरशीवर नाकातलं रक्त. तपासणीत प्लेटलेट आल्या १४ हजार. धडधाकट कुत्र्याच्या दोन लाखाच्या आसपास नाहीतर त्याहून जास्तच असतात. गोचीड चावली की तिच्या लाळेतून जंतू आत जातो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत मुक्काम ठोकतो. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, साधारण २८ दिवस, आणि बरीच कुत्री उठून बसतात. नट्याचं दुखणं मात्र आतल्या आत जुनं झालेलं. हाडातल्या मगजानं रक्त तयार करायचंच सोडलं होतं.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तीनदा नेला. जाताना खंबाटकीचा बोगदा लागायचा, येताना घाट. बोगद्यात शिरलं की तो भुंकायचा, आणि स्वतःचाच आवाज घुमला की आणखी भुंकायचा. तिसऱ्या खेपेला बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला. बोगदा संपला तरी आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. मागच्या गल्लीतल्या एका लॅब्राडोरचं रक्तही चढवलं. आठवडाभर तरतरी आली, दूधभात खाल्ला, दारापर्यंत आला. पुढं नाही.

तो गेल्यावर मी पलंग उलटा केला. लाकडाच्या फटीत गोचिड्या बसलेल्या. मी कुत्र्याचं अंग रोज चाचपत होतो आणि त्या तिथं बसल्या होत्या. अंगावर त्या रक्त पिण्यापुरत्या असतात, बाकीचा काळ भेगांत काढतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. असो.

तर फोटो. पुतणीनं मोबाईलवर काढलेला. नट्या पायरीवर बसलाय, तोंडाभोवती पांढरं झालेलं, पुढ्यात माझी डावी चप्पल, अंगठा चावलेली. स्टुडिओत आठ बाय बाराची प्रिंट काढायला टाकला. तिथल्या पोरानं फुकटात साफसफाई करून ठेवली. चप्पल गायब, तोंडाचे पांढरे केस तांबडे. वर म्हणतो, "काका, बघा कसा तरुण केला!" पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी त्याला म्हटलं, बाळा, माझी चप्पल परत आण. दुसऱ्या प्रिंटचे ८० रुपये घेतले त्यानं. घेऊ दे, त्याचा कागद गेला.

फ्रेमवाल्या म्हाताऱ्यानं फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हार घालायचा का?" मला वाटलं चेष्टा करतोय. तसं नव्हतं. हार घालायचा असेल तर तो वरच्या पट्टीला मागून दोन बारके हूक मारून देतो, नाहीतर लोक पुढून खिळे ठोकतात आणि लाकूड चिरतं. मी "नको" म्हटलं. मग जरा वेळानं म्हटलं, "मारून ठेवा." त्यानं नुसती मान हलवली.

दुसरा प्रश्न, भिंतीला ओल येते का. साताऱ्यात कुठल्या भिंतीला येत नाही! मग त्यानं समजावलं. फोटो काचेला टेकला की पावसाळ्यात दमटपणानं चिकटतो, आणि पुढं काढायला गेलं तर तोंडाचाच पापुद्रा निघतो. म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायचा, म्हणजे काच आणि फोटो यांत हवेला जागा राहते. मागच्या खालच्या कोपऱ्यांना त्यानं बुचाचे दोन तुकडे चिकटवले, फ्रेम भिंतीपासून सुटी राहावी म्हणून. कसर आत शिरू नये म्हणून मागची कड कागदानं बंद केली. सिलेंडर हेडचं गॅस्केट बसवताना आम्ही जेवढी काळजी घ्यायचो तेवढीच. पट्टी सागवानी घेतली. फायबरची दीडशेनं स्वस्त पडते, पण कोपऱ्यात ती उघडते, मी घरात बघितलंय.

आता तक्रार. चार दिवस सांगितले, अकरा लागले. फोन उचलत नाही. मुळात फोन दुकानात असतो की घरी, हेच त्याला माहीत नसतं. आणि पहिल्यांदा आणायला गेलो तर माउंटची खिडकी, म्हणजे फोटो दिसायची जागा, अशी कापलेली की फाटका कान पुठ्ठ्याखाली गेला. चेहरा बरोबर मधोमध, दिसायला झकास, पण दोन्ही कान धड असलेलं कुठलंही तांबडं कुत्रं चाललं असतं त्या जागी. मी काही बोललो नाही, नुसतं बोट ठेवलं तिथं. म्हातारा म्हणाला, "लपवायचा असंल असं वाटलं मला. लोक लपवाय सांगत्यात." मग समोर बसवून दुसरा माउंट कापला. कानासाठी डावीकडं अर्धा इंच जास्त सोडला, त्यामुळे नट्या आता मधोमध नाही, जरा उजवीकडं सरकलेला आहे. जादा पैसे मागितले नाहीत. मी पन्नास पुढं केले तर म्हणाला, "चहा सांगा त्यापेक्षा." दोघांनी चहा घेतला. त्याच्याकडंही कधीकाळी एक काळी कुत्री होती म्हणे. तिचा फोटो काढायचा राहिला.

घरी आणल्यावर लावायची कुठं यावर वाद झाला. हॉलमध्ये आई-आबांच्या शेजारी जागा होती. बायको म्हणाली, "आबांना कुत्रं चालायचं नाही, उगाच त्यांना त्रास." शेवटी दाराजवळ लावली, पट्टा अडकवायचा खिळा होता तिथं. खिळा आधीचाच, मजबूत आहे. हार अजून घातलेला नाही.

पाच पैकी चार. एक कापला तो फोन न उचलण्याबद्दल. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं आणि सुटे पैसे लागतात. फोटोत काय कापायचं नाही ते कागदावर लिहून न्या, तो कागद फोटोच्याच मागं टाचून ठेवतो.